टॉवर, मोबाईल, बाबांचा विसराळूपणा आणि व्यायाम: नक्की कशाचा कशाशी संबंध आहे?

बोरिवलीची_स्नेहल

नमस्कार मंडळी, थोडं सविस्तर लिहितेय, कारण घरात रोज यावरून वाद होतायत आणि मला खरंच माहिती असलेल्या कोणाकडून तरी ऐकायचंय.

माझे सासरे, वय ६९, बँकेतून रिटायर. आम्ही बोरिवली पूर्वेला राहतो. गेल्या काही महिन्यांत बाबा विसरायला लागलेत. म्हणजे चष्मा कुठे ठेवला वगैरे आपण सगळेच विसरतो, पण परवा दूध तापायला ठेवून गॅलरीत जाऊन बसले, पातेलं पार काळं झालं, मी आतल्या खोलीतून धावत आले तर ते म्हणाले दूध कोणी ठेवलं होतं? एकच गोष्ट तासाभरात दोनदा विचारतात. आधी रोज सकाळी नॅशनल पार्कात जायचे, पास काढलेला, चांगला ग्रुप होता, पण गुडघे दुखायला लागले तसं ते सुटलं आणि आता दिवसभर सोफा आणि मोबाईल. सकाळी गुड मॉर्निंगचे मेसेज, दुपारी यूट्यूब, रात्री उशीखाली फोन. टीव्हीचा आवाज तर एवढा असतो की बाजूच्या काकूंनी दोनदा सांगितलं.

आता मुद्दा असा की समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर मोबाईल टॉवर आहे, त्यावर फाईव्ह जीचे नवीन डबे लागलेत, ते आमच्या सहाव्या मजल्याच्या बरोब्बर समोर येतात. सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर मेसेज फिरतोय की फाईव्ह जीमुळे म्हातारी माणसं विसरायला लागतात आणि लागलीच एक जण फोनच्या मागे चिकटवायची अँटी रेडिएशन चिप विकायला आलेत, एक चिप दीड हजाराला. घरात पाच फोन आहेत. मिस्टरांनी कुठलासा व्हिडिओ बघितलाय, त्यात म्हणे व्यायाम करून घाम काढला की अंगात साठलेलं रेडिएशन निघून जातं, म्हणून ते बाबांच्या मागे लागलेत चाला चाला, आणि बाबा म्हणतात चालून काय होणार, टॉवर तर तिथेच आहे ना.

मला विचारायचंय ते हे की टॉवरमुळे किंवा फोनमुळे खरंच असं होतं का, चिप घ्यावी का, आणि व्यायामाने रेडिएशन जातं ही काय भानगड आहे? प्लीज कोणाला माहिती असेल तर सांगा, मला बाबांची काळजी वाटतेय.

---

सिग्नलवाला_ठाणे

स्नेहल ताई, मी मोबाईल नेटवर्कमध्येच काम करतो, गच्च्यांवर अँटेना लावणं, त्यांची दिशा आणि पॉवर सेट करणं हेच माझं काम, त्यामुळे टॉवर आणि फोनबद्दल सांगू शकतो, बाबांच्या तब्येतीबद्दल डॉक्टर मंडळी सांगतीलच.

सगळ्यात आधी ते साठण्याचं. मोबाईलच्या लहरी अंगात साठत नाहीत. खोलीतला दिवा बंद केला की उजेड खोलीत शिल्लक राहत नाही, तसंच हे. फोन बंद झाला किंवा लांब गेला की तिथल्या तिथे विषय संपला, घामावाटे बाहेर पडायला आत काही उरलेलंच नसतं. एक्सरे आणि मोबाईल यांची लोक गल्लत करतात. एक्सरेमध्ये एवढी ताकद असते की तो पेशीतला डीएनए तोडू शकतो. मोबाईलच्या लहरी ७०० मेगाहर्ट्झपासून सुरू होतात, आपल्याकडे फाईव्ह जी मुख्यतः ३.३ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतं, आणि आपल्या डोळ्यांना दिसणारा साधा उजेड यापेक्षा लाख पटीने जास्त फ्रिक्वेन्सीचा असतो. तो उजेड डीएनए तोडत नाही तर हे कुठून तोडणार. या लहरींचा नक्की माहीत असलेला परिणाम म्हणजे ऊब, शरीर किंचित गरम होणं, आणि जेवढ्या मर्यादा ठरवल्यात त्या ही ऊब धोक्याच्या खूप खाली राहावी म्हणूनच ठरवल्यात. बऱ्याच वेळ बोलल्यावर कान गरम होतो तो जास्त करून बॅटरीमुळे आणि फोन कानाला दाबून धरल्यामुळे.

आता समोरचा टॉवर. अँटेनाचा झोत आडवा समोर जातो, थोडासा खाली झुकवलेला असतो, त्यामुळे ज्या बिल्डिंगवर टॉवर आहे तिच्यातल्या लोकांना सगळ्यात कमी मिळतं आणि समोर त्याच उंचीवर असणाऱ्यांना त्यापेक्षा जास्त. म्हणजे तुमची शंका दिशेच्या बाबतीत बरोबर आहे, ती कोणी हसण्यावारी नेऊ नये. पण किती मिळतं हे महत्त्वाचं. अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौथाई होते, त्यात भिंती, काचा यांनी अजून कमी होते. आणि आपल्या देशाने २०१२ मध्ये टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली, म्हणजे ९०० मेगाहर्ट्झला जिथे दर चौरस मीटरला ४.५ वॉट चालतं तिथे आपल्याकडे ०.४५. तरी मनात असेल तर दूरसंचार खात्याचं तरंग संचार नावाचं पोर्टल आहे, त्यावर आपल्या एरियातले टॉवर नकाशावर दिसतात, नियमात आहेत का ते बघता येतं, आणि फी भरून घरी मीटरने मोजून घ्यायची सोयही आहे. सोसायटीने मिळून ती फी भरावी, भांडणं संपतात, मी बघितलंय.

खरं म्हणजे डोक्याला जे काही पोचतं त्यातलं बहुतेक टॉवरचं नसतं, आपल्याच हातातल्या फोनचं असतं, कारण तो कानाला चिकटलेला असतो. आणि यातली गंमत अशी की टॉवर जवळ असेल तर फोन हळू आवाजात बोलतो, टॉवर लांब असेल किंवा सिग्नल एक काडी असेल तर तोच फोन पूर्ण जोर लावतो. जुन्या टू जी फोनची कमाल पॉवर २ वॉटपर्यंत जायची, फोर जी फोनची कमाल साधारण ०.२ वॉट, आणि सिग्नल चांगला असेल तर त्याच्याही कितीतरी खाली. त्यामुळे लिफ्टमध्ये, बेसमेंट पार्किंगमध्ये, चालत्या लोकलमध्ये सिग्नल तुटत असताना कानाला लावून लांबलचक बोलू नये. टॉवर हटवला तर उलट सगळ्या बिल्डिंगमधले फोन जास्त जोर लावतील, हे ग्रुपवर नक्की सांगा.

चिप घेऊ नका. साडेसात हजार वाचवा. ती चिप खरंच लहरी अडवत असेल तर सिग्नल पडणार, आणि सिग्नल पडला की फोन पॉवर वाढवणार, म्हणजे जे नको तेच होणार. आणि अडवत नसेल तर तो नुसता स्टिकर आहे. अमेरिकेत ग्राहक संरक्षण बघणाऱ्या सरकारी आयोगानेही असल्या वस्तूंपासून सावध राहायला सांगितलंय.

काळजी घ्यायचीच असेल तर फुकटात होते. लांब कॉल स्पीकरवर किंवा वायरवाल्या इयरफोनवर, रात्री फोन उशीखालून काढून टेबलावर. डायल पॅडवर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबलं की फोनची सार व्हॅल्यू, म्हणजे शरीर त्या लहरींतली किती ऊर्जा शोषतं तो आकडा, दिसते, भारतात ती १.६ वॉट प्रति किलोच्या वर चालत नाही. बस, एवढंच.

---

परळचा_दिनेश

सिग्नलवाले साहेब, तुमची माहिती चांगली आहे पण तुम्ही त्याच धंद्यात आहात, राग मानू नका. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनेच मोबाईलच्या लहरींना कॅन्सर होण्याची शक्यता असलेल्या यादीत टाकलं ना? आयआयटी मुंबईच्या प्राध्यापक गिरीश कुमार यांनी २०१० ला सरकारला टॉवरच्या रेडिएशनवर रिपोर्ट दिला होता, तो उगाच? २०११ लाच अमेरिकेत ४७ लोकांच्या कानाला ५० मिनिटं फोन लावून स्कॅन केलं तर मेंदूचा अँटेनाजवळचा भाग जास्त साखर वापरायला लागलेला दिसला. उंदरांवर प्रयोग केले त्यात गाठी झाल्या. हे सगळं मी वाचलंय.

आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावरच्या एका वहिनींना ब्रेन ट्युमर झाला, वय काही नाही. मीटिंगमध्ये विषय काढला की कमिटी म्हणते टॉवरच्या भाड्यातून मेंटेनन्स कमी होतो. माणसाच्या जिवापेक्षा मेंटेनन्स मोठा झाला का? स्नेहल ताई, चिप घेऊ नका हे मान्य, पण टॉवरचा विषय सोडू नका.

---

फॅमिली_डॉक्टर_गोरेगाव

दिनेश, तुमच्या शेजारच्या वहिनींबद्दल वाचून वाईट वाटलं. तुमचे मुद्दे खरे आहेत म्हणजे या गोष्टी घडलेल्या आहेत, फक्त त्यांच्या पुढचं काय झालं तेही सांगतो.

२०११ ची ती यादी म्हणजे गट २ ब. त्याचा अर्थ पुरावा मर्यादित आहे, नाकारता येत नाही, अजून बघायला हवं. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आहे. त्यानंतर बघणं झालंच की. ब्रिटनमध्ये पावणेआठ लाखांच्या आसपास बायकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलेला अभ्यास २०२२ मध्ये आला, मोबाईल वापरणाऱ्यांत ब्रेन ट्युमर वाढलेला दिसला नाही. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करून घेतलेल्या आढाव्यात ६३ अभ्यास एकत्र तपासले, दहा वर्षांपेक्षा जास्त वापरणाऱ्यांतही संबंध सापडला नाही. उंदरांचा अमेरिकन प्रयोग २०१८ चा, त्यात उंदरांना अख्ख्या अंगावर दिवसाला नऊ नऊ तास दोन वर्षं लहरी दिल्या होत्या, हृदयातल्या गाठी झाल्या त्या फक्त नरांमध्ये ठळक दिसल्या, आणि त्यातले लहरी दिलेले नर उंदीर न दिलेल्यांपेक्षा जास्त जगले, म्हणजे निकाल सरळ नाहीये. आणि ४७ लोकांच्या स्कॅनमध्ये फरक साधारण ७ टक्के होता, तो खरा आहे, पण विचार करताना, बोलतानाही मेंदूचा तो तो भाग जास्त साखर वापरतो, त्यावरून इजा झाली असं म्हणता येत नाही आणि करणाऱ्यांनीही तसं म्हटलेलं नव्हतं.

बरं, हे सगळं ट्युमरचं झालं. स्नेहल, तुमचा प्रश्न विसरण्याचा आहे. फोनच्या लहरींमुळे डिमेन्शिया, म्हणजे स्मरणशक्ती आणि विचारशक्ती ढासळत जाण्याचा आजार, होतो असा पुरावा नाही. आणि इथे मला मनापासून एक सांगायचंय, की टॉवरवर बोट ठेवलं की घरचे टॉवरशी भांडत बसतात आणि ज्याने खरंच फरक पडतो त्या गोष्टी तशाच राहतात. माझ्याकडे असे पेशंट येतात, दीड दोन वर्षं घरात रेडिएशनची चर्चा चालते आणि साधं बी ट्वेल्व कोणी तपासलेलं नसतं.

बाबांबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते मी पुन्हा वाचलं. टीव्ही मोठा. चालणं बंद. ग्रुप सुटला. दिवसभर बसून. रात्री फोन. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या डिमेन्शिया कमिशनने जगभरातले पुरावे बघून १४ गोष्टी सांगितल्या ज्या सुधारल्या तर डिमेन्शियाच्या जवळजवळ ४५ टक्के केसेस टाळता किंवा पुढे ढकलता येऊ शकतात. त्यात कमी ऐकू येणं आहे, हालचाल नसणं आहे, एकटं पडणं आहे, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, नजर कमी होणं, डिप्रेशन, सिगारेट, दारू, डोक्याला मार, हवेचं प्रदूषण हे सगळं आहे. मोबाईलच्या लहरी त्या यादीत नाहीत. तुम्ही लिहिलेल्या त्या एका पॅराग्राफमध्ये मला यातल्या किमान तीन गोष्टी दिसतायत. टीव्हीचा आवाज हा कानाचा प्रश्न असू शकतो, आणि ज्याला नीट ऐकूच आलं नाही ते त्याला आठवणार कुठून, तो पुन्हा विचारणारच.

म्हणून आधी तपासण्या. बी ट्वेल्व (शाकाहारी घरांत हे फार वेळा कमी निघतं आणि भरून काढता येतं), थायरॉईड, शुगर, बीपी, हिमोग्लोबिन, सोडियम, कानाची तपासणी, डोळे. झोपेच्या गोळ्या किंवा ॲलर्जीच्या, लघवीच्या काही गोळ्यांनीही विसरायला होतं, ते डॉक्टरांना दाखवा, स्वतःहून बंद करू नका. मन उदास आहे का तेही विचारा, रिटायरमेंटनंतर पुरुष हे बोलत नाहीत. स्मरणशक्तीची छोटी चाचणी मराठीतून होते, दहा पंधरा मिनिटं लागतात. पुढे गरज लागली तर केईएम, नायर, सायन, कुठेही न्यूरॉलॉजीची ओपीडी आहे, खर्चाची भीती बाळगू नका. आपल्या देशात साठीच्या वरच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे असा अंदाज २०२३ मध्ये आला, म्हणजे साधारण ८८ लाख माणसं, यात लाजण्यासारखं काहीच नाही.

आता व्यायाम. मिस्टर चाला म्हणतायत ते शंभर टक्के बरोबर, कारण मात्र वेगळं. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण शरीराच्या एकूण ऊर्जेतली २० टक्के तो एकटा खातो, म्हणजे रक्तपुरवठा थोडा जरी कमी झाला तरी त्याला कळतं. चालण्याने बीपी, शुगर ताब्यात राहते, मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या चांगल्या राहतात. शिवाय व्यायामाने बीडीएनएफ नावाचं प्रोटीन वाढतं, मज्जापेशी टिकायला आणि नवीन जोडण्या व्हायला ते लागतं. हिप्पोकॅम्पस म्हणून मेंदूचा एक छोटा भाग असतो, कानाच्या पातळीला आत खोल, नवीन आठवणी तिथे तयार होतात आणि उतारवयात तो दरवर्षी थोडा थोडा आकसतो. २०११ मध्ये अमेरिकेत १२० वयस्कर लोकांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना वर्षभर चालायला लावलं, सुरुवात १० मिनिटांनी, हळूहळू ४० मिनिटांपर्यंत, आठवड्यातून तीनदा. निम्म्यांना नुसतं स्ट्रेचिंग. वर्षाअखेर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस साधारण २ टक्के वाढला, स्ट्रेचिंगवाल्यांचा साधारण १.४ टक्के घटला. हे मी माझ्या प्रत्येक साठीच्या पेशंटला सांगतो. गोळीने असं झालेलं मला दाखवा.

पण हेही सांगायला हवं की व्यायाम लवकर सुरू करण्यात फायदा आहे. २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये ज्यांना डिमेन्शिया आधीच झालेला होता अशा लोकांना चांगला जोरकस व्यायाम दिला, त्यांची ताकद वाढली पण विसरणं थांबलं नाही. म्हणून मी म्हणतो टॉवरच्या मीटिंगा नंतर, बाबांचे बूट आधी.

दिनेश, फोनमुळे मेंदूला इजा होते असं तुम्ही म्हणता ना, होते, पण वेगळ्या वाटेने. बाईक चालवताना हेल्मेटमध्ये फोन खुपसून बोलणं, रूळ ओलांडताना स्क्रीन बघणं, आणि रात्री दोन दोन वाजेपर्यंत रील्स. डोक्याला मार लागला की पुढे डिमेन्शियाचा धोका वाढतो हे त्या १४ मध्ये आहे. यावर सोसायटीत एक मीटिंग घ्या, मी स्वतः यायला तयार आहे.

---

माहीमचे_काका

मी डॉक्टर नाही, माझं वय ७४, पण दिवसाच्या चालण्याबद्दल मला बोलायचा हक्क आहे असं समजतो. ताई, तुमच्या सासऱ्यांना चाला असं सांगून ते चालणार नाहीत. कोणीच चालत नाही. त्यांचा तो नॅशनल पार्कचा ग्रुप शोधा, त्यातल्या एकाला फोन करून सांगा की सकाळी आमच्या बिल्डिंगखाली येऊन हाक मारा. माणूस हाकेला खाली उतरतो, मुलाच्या उपदेशाला नाही.

शिवाजी पार्कला आमचं असं आहे की एक फेरी म्हणजे किलोमीटरच्या थोडी वर, कट्ट्याच्या बाजूने. ज्याला एक जमते तो एक करतो आणि मग कट्ट्यावर बसतो, ज्याला तीन जमतात तो तीन करून येतो, आणि नंतर सगळे एकत्र चहाला. आमच्यात एक गृहस्थ आहेत, पत्नी गेल्यावर बोलेनासे झाले होते, पहिले काही आठवडे नुसते कट्ट्यावर बसायचे, पाय हलवत. कोणी त्यांना चला म्हणत नव्हतं, फक्त त्यांच्या हातात पिशव्या, मफलर, कोणाची काठी देऊन जायचे सगळे, सांभाळा म्हणून. एके दिवशी ते पिशव्या घेऊनच आमच्या मागे चालायला लागले. आता भाव, क्रिकेट, पालिका सगळ्या विषयांवर तेच जास्त बोलतात. हे चालणं मोजून करायचं औषध नाही, यात माणसं पाहिजेत, डॉक्टरसाहेबांनी एकटं पडणं लिहिलंय ना ते मला फार पटलं.

पावसाळ्यात लोकांचं तुटतं आणि मग परत लागत नाही. जून आला की आम्ही जागा ठरवून ठेवतो, कोणाच्या बिल्डिंगचं स्टिल्ट पार्किंग, कोणाचा पोडियम. ओल्या फरशीवर स्लीपर घालून चालू देऊ नका, मागे पट्टा असलेले बूट पाहिजेत. आणि फोन घरी ठेवून जायचं, किंवा खिशात ठेवायचा, हातात नाही. खड्डे आणि फुटपाथवरचे उखडलेले पेव्हर ब्लॉक बघायचे की मेसेज बघायचे?

कानाचं यंत्र मीही लावतो. सुरुवातीला भांड्यांचा आवाज फार कर्कश वाटतो, कागद चुरगळला तरी दचकायला होतं, म्हणून बरेच जण काढून ड्रॉवरमध्ये टाकतात. थोडा थोडा वेळ वाढवत न्यायचा, आणि ज्यांनी बसवलंय त्यांच्याकडे जाऊन सेटिंग करून घ्यायचं. तुमच्या सासऱ्यांना लागलंच तर हे आधीच सांगून ठेवा.

---

परळचा_दिनेश

डॉक्टर, उत्तराबद्दल धन्यवाद, तुम्ही झटकून टाकलं नाहीत म्हणून बरं वाटलं. मी तरंग संचारवरून मोजणीचा विषय आमच्या सोसायटीत मांडणार आहे, निदान आकडा तरी समोर येईल. टॉवर बसवताना गच्चीवर वजन किती पडतं आणि स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का हा प्रश्नही मी सोडणार नाही, आमची बिल्डिंग जुनी आहे. आणि हेल्मेटमध्ये फोन खुपसणारे आमच्याकडे भरपूर आहेत, ती मीटिंग आपण नक्की घेऊ.

---

बोरिवलीची_स्नेहल

सगळ्यांचे मनापासून आभार, मी हे सगळं रात्री मिस्टरांना वाचून दाखवलं. चिप घेणार नाही हे ठरलं. फोन उशीखालून काढला, बाबा थोडे चिडले पण त्यांना जुना गजराचा घड्याळ आणून दिला, कारण ते फोन वेळ बघायलाच ठेवतात असं कळलं. बाबांना मी रेडिएशन साठत नाही हे सांगितलं तर म्हणाले मग चालायचं कशाला, म्हणून मग तो हिप्पोकॅम्पसचा प्रयोग सांगितला, तेव्हा जरा कान टवकारले, बँकेतला माणूस आहे, टक्के सांगितले की ऐकतो. काकांनी सांगितलं तसं त्यांच्या एका मित्राशी बोलले, ते यायला तयार आहेत.

आता अडचण गुडघ्यांची. जिना उतरताना जास्त दुखतं म्हणतात. ४० मिनिटं चालणं म्हणजे मला भीतीच वाटते. आणि किती चालणं पुरेसं आहे? मिस्टर म्हणतायत दहा हजार पावलं झालीच पाहिजेत.

---

फिजिओ_दहिसर

स्नेहल ताई, दहा हजाराचं ओझं बाबांवर टाकू नका. ब्रिटनमधल्या ७८ हजार लोकांच्या पावलांचा डिमेन्शियाशी संबंध तपासलेला अभ्यास २०२२ मध्ये आला, त्यात जास्तीत जास्त फायदा ९८०० पावलांच्या आसपास दिसला हे खरं, पण ३८०० पावलं चालणाऱ्यांतही धोका साधारण २५ टक्के कमी दिसला. सध्या तिकडे बघा. सुरुवात सपाट जागेवर १० मिनिटांची, सकाळी आणि संध्याकाळी अशी दोनदा केली तरी चालेल, दर आठवड्याला थोडी वाढवत न्या. वेग असा की चालता चालता बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये. पुढे जाऊन आठवड्याला १५० मिनिटं हे लक्ष्य, जागतिक आरोग्य संघटना तेच सांगते, आणि पासष्टीच्या वर आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळायचे व्यायामही सांगते कारण पडणं ही या वयातली मोठी भीती.

गुडघ्याची झीज असेल तर चालणं बंद करून गुडघा सुधारत नाही, मांडीचा स्नायू अजून कमजोर होतो आणि दुखणं वाढतं. म्हणून चालण्याच्या आधी दोन आठवडे घरातच मांडीची तयारी करा. डायनिंगची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे सरकत नाही, बाबांनी पुढच्या काठावर बसायचं, पाय गुडघ्यांच्या जरा मागे घ्यायचे, नाक पायाच्या अंगठ्यांच्या वर येईल एवढं पुढे झुकायचं आणि मग उठायचं, सुरुवातीला हाताने आधार घेतला तरी चालेल. बसताना धप्पकन बसायचं नाही, सावकाश, खरा व्यायाम बसतानाच होतो. सोफ्यावर हे करू नका, सोफा खोल असतो, गुडघ्यावर ताण येतो. दुसरा, पलंगावर पाठीवर झोपून एक पाय गुडघ्यात दुमडायचा, दुसरा सरळ ताठ ठेवून वीतभर उचलायचा, पाच आकडे मोजून खाली. तिसरा, ओट्याला हात टेकून एका पायावर उभं राहायचं, तुम्ही शेजारी उभ्या राहा. व्यायाम करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ववत झालं तर चालतं, सूज आली किंवा दुखणं दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच राहिलं तर कमी करा आणि जवळच्या फिजिओला प्रत्यक्ष दाखवा. जिना उतरताना कठडा धरून, दुखरा पाय आधी खाली.

नॅशनल पार्कात गेटपाशी रिक्षाने जाऊ दे, सपाट रस्त्यावर चालू दे, चढावर सध्या नको. मित्र सोबत असले की ते आपोआप लांब जातात, म्हणून परत यायला किती लागेल ते निघतानाच ठरवून द्या.

---

फॅमिली_डॉक्टर_गोरेगाव

फिजिओंनी लिहिलंय ते अगदी नीट आहे. स्नेहल, फक्त एक, वय ६९ आहे आणि बरेच महिने बसून आहेत, तर चालणं वाढवण्याआधी बीपी आणि एक ईसीजी करून घ्या, चालताना छातीत दडपण किंवा दम वाटला तर तिथेच थांबायचं. बाबांना कधी नेहमीचा रस्ता चुकला, पैशांच्या व्यवहारात गोंधळ व्हायला लागला किंवा स्वभाव एकदम बदलला तर तपासण्यांची वाट न बघता न्यूरॉलॉजिस्टकडे जा. आणि अचानक बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं किंवा एका बाजूचा हात उचलेना तर तो विसराळूपणा नाही, सरळ हॉस्पिटलची इमर्जन्सी. तपासणीला जाताना घरातली सगळी औषधं, काढे, चूर्णं, झोपेच्या गोळ्या एका पिशवीत घालून घेऊन जा, नुसती नावं सांगू नका. आणि जे तुम्ही इथे लिहिलंय, दुधाचं, दोनदा विचारण्याचं, टीव्हीच्या आवाजाचं, ते एका कागदावर तारखेसकट लिहून न्या, डॉक्टरांना त्याचा स्कॅनपेक्षा जास्त उपयोग होतो.